पुढे चाल

तत्त्वज्ञान हा विषय आम्हा कॉमर्सवाल्यांच्या वाट्याला कधी आला नाही. आर्ट्सची मुलं प्लेटो, शंकराचार्य वगैरे थोर मंडळींशी सलगी करीत होती तेव्हा आम्ही 'घसारा' या विषयावर आमचं डोकं घासत होतो. त्यामुळे जग सत्य की माया असला प्रश्न कुणी काढला की मी चष्मा पुसायला घेतो. तरीपण एक सांगतो. माझ्या मते जगातलं सगळ्यात मोठं तत्त्वज्ञान एका इटालियन साधूने 1494 साली व्हेनिसला छापून ठेवलं आहे, आणि आर्ट्सवाल्यांना त्याचा पत्ता नाही. साधूचं नाव लुका पाचोली. पुस्तक गणिताचं, पण त्यात एक भाग व्यापाऱ्यांच्या हिशेबाचा आहे, आणि त्यात दुहेरी नोंदीची पद्धत समजावून दिली आहे. सार एवढंच, की जमेची नोंद केली की कुठेतरी तेवढीच नावेची नोंद झाली पाहिजे. एकाच्या पदरात पडलं, म्हणजे कुणाच्या तरी पदरातून गेलं. संसार, राजकारण, प्रेम आणि भाऊबंदकी या चारही बाबतींत हा नियम मी ताडून पाहिलेला आहे.

ह्या एका नियमाच्या भरवशावर बँकेत वीस वर्षं काढली. आणि मग एका दुपारी चारच्या चहाला, आमच्याच शाखेत, त्या नियमाला कुणीतरी धोबीपछाड घातली. तेच सांगायला बसलो आहे. पण आधी आमचं गाव सांगितलं पाहिजे, कारण ते न सांगितल्याने फार घोटाळे होतात.

आमचं गाव शिरूर अनंतपाळ. नुसतं 'शिरूर' म्हटलं की लोक पुण्याकडचं घोडनदीचं शिरूर धरतात, नाहीतर बीडकडचं शिरूर कासार धरतात. आणि आमच्याच लातूर जिल्ह्यात, अहमदपूरच्या अंगाला, शिरूर ताजबंद नावाचं आणखी एक आहे. आमच्या टपालाने ह्या तिन्ही शिरूरांचं दर्शन घेतलेलं आहे. तालुक्याचा दर्जा मिळण्याआधी आम्ही निलंगा तालुक्यात मोडत होतो. आणि निलंगा म्हटलं की रामलिंग मुदगड आलं, म्हणजेच हरिश्चंद्र बिराजदार आले. 1969 चे महाराष्ट्र केसरी. 1970 ला एडिनबर्गच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक. 1977 ला बेळगावच्या मैदानात दिल्लीच्या सत्पालला पाडलं, ती कुस्ती तर ज्यांनी पाहिली ते सांगतातच, आणि ज्यांनी पाहिली नाही ते जास्त रंगवून सांगतात. 2011 साली बिराजदारमामा गेले. पण आमच्या भागात अजूनही पोरगं जरा अंगाने भरलं की आई त्याला दूध वाढवते आणि बाप त्याच्या शाळेची चिंता सोडतो.

आमच्या तालुक्यात उजेड नावाचं गाव आहे. तिथे जानेवारीत जत्रा भरते ती चक्क महात्मा गांधींच्या नावाने. बाहेरच्या पाहुण्याला हे सांगितलं की तो आमच्याकडे संशयाने पाहतो. जत्रा म्हटली की आपल्याकडे कुस्त्यांचा फड आलाच; आणि अहिंसेचा पुजारी आणि धोबीपछाड ह्यांचं जमायचं कसं, असं पाहुणा विचारतो. मी म्हणतो, अहो, गांधीबाबांइतका मोठा पैलवान दुसरा कोण? वजनगट सगळ्यांत खालचा, खुराकाला शेळीचं दूध, आणि समोर सबंध साम्राज्य. जोड बघून कुस्ती लावायची म्हटली असती तर पंचांनी त्यांना फडात उतरूच दिलं नसतं.

'जोड' हा शब्द जरा लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्याच्यावर आहे. जत्रेत वजनकाटा नसतो. पंच दोन पोरांना शेजारी उभं करतात, दंड चाचपतात, कुणाचे कान किती मोडलेत ते बघतात, आणि एकमेकांकडे पाहून मान हलवतात. लागली जोड! हलगी कडाडते. लहान पोरांना रेवड्यांवर सोडतात, मग शंभराची, पाचशेची, असं करत करत शेवटची मोठी कुस्ती. मध्येच एखादा गडी हात वर करून फडाला चक्कर मारतो. म्हणजे विचारतो, आहे का कुणी? कधी कधी कुणीच उठत नाही. अशा गड्याला मग कुणी 'जिंकला' म्हणत नाही, 'हरला' म्हणत नाही. त्याला नारळ देतात, तो नारळ घेऊन कपडे घालतो आणि भजी खायला जातो. लाल मातीने हा प्रश्न असा नारळ देऊन सोडवलेला आहे. विद्यापीठाला तो तसा सोडवता आला नाही, आणि म्हणून आमच्या चहाचा विचका झाला.

त्याचं असं झालं. आमच्या शाखेत नाना आहेत. हुद्दा शिपायाचा, पण शाखा चालवतात तेच. मॅनेजर बदलून जातात, नाना राहतात. नानांची थोरली मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि कुस्ती खेळते. वजन 72 किलो. बाईमाणसाचं वजन छापून जाहीर करू नये हे मला कळतं. पण ते तिनेच घराच्या भिंतीवर खडूने, तारखेसह लिहून ठेवलेलं आहे. तर ही मुलगी विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला गेली आणि सुवर्णपदक घेऊन आली. नाना पेढ्यांचा बॉक्स घेऊन टेबलाटेबलाला फिरले. आमच्या कॅशियरसाहेबांनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "नाना, कितव्या मिनिटाला चीत केलं पोरीनं?"

नाना सरळ माणूस. म्हणाले, "चीत कुणाला करंल सायब? त्या वजनात दुसरी पोरगीच आली नाही. पुढं चाल मिळाली."

कॅशियरसाहेबांची हनुवटी हलायची थांबली. पेढा गिळावा की परत करावा, असा एक नैतिक पेच त्यांच्या मुद्रेवर दिसला. "म्हणजे लढलीच नाही? मग जिंकली कशी?"

झालं! चहा बाजूला राहिला. एका सोसायटीचे चेअरमन ठेव मोडायला आले होते, ते म्हणाले, "अहो, बिनविरोध हाच खरा विजय. लढून काय, कुणीही जिंकतं. समोरच्याला अर्जच भरू द्यायचा नाही, याला ताकद लागते." शेती-कर्जाचे अधिकारी म्हणाले, "टेंडर एकच आलं तर आपण काय करतो? फेरनिविदा काढतो. पदक परत घ्यायला पाहिजे." मॅनेजरसाहेबांनी आयुष्यातल्या सगळ्या बढत्या ज्येष्ठतेनुसार मिळवलेल्या असल्यामुळे ते संगणकात काहीतरी शोधू लागले. नाना बॉक्स हातात धरून उभेच. त्या माणसाचा चेहरा मला बघवेना. पेढे त्याने उधारीवर आणले होते, हे मला ठाऊक होतं.

माझ्यापुरता मी पाचोलीमहाराजांना शरण गेलो. विजय ही जमा, पराजय ही नावे. इथे जमा दिसते आहे, आणि नावेची बाजू कोरी. असा व्यवहार आमच्याकडे आढळला तर रक्कम सस्पेन्स खात्यात टाकतात आणि शोध लागेपर्यंत कुणी घरी जात नाही. मीही तो प्रश्न सस्पेन्स खात्यात टाकला आणि शोधाला लागलो.

पहिला विचार असा आला, की लढत दिसली म्हणजे लढत झाली, असं तरी कुठे आहे? कुस्तीत 'नूरा' नावाचा एक प्रकार आहे. दोन्ही पैलवान आधीच ठरवून येतात. घाम येतो, माती उडते, पब्लिक टोप्या उडवतं, आणि निकाल चार दिवस आधी लॉजवर लागलेला असतो. नूरा कुस्तीत जमा आहे, नावे आहे, दोन्ही बाजू जुळतात, आणि तरी सबंध व्यवहार खोटा. नानांच्या मुलीच्या पदकात नावेची बाजू नाही, पण खोटं काहीच नाही. ती वजनाला उभी राहिली, मॅटवर गेली, थांबली. पंचाने तिचा हात वर केला. तेव्हा नुसत्या बाजू जुळल्याने खरं ठरत नाही, आणि न जुळल्याने खोटं ठरत नाही. (हे वाक्य कृपया आमच्या ऑडिटरला दाखवू नये.)

दुसरा विचार पॅरिसचा. 6 ऑगस्ट 2024 ला विनेश फोगाटने एका दिवसात तीन कुस्त्या मारल्या. त्यातली पहिलीच जपानच्या युई सुसाकीबरोबर. आणि ही सुसाकी आंतरराष्ट्रीय मैदानात तोवर एकदाही हरलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर उभी राहिली तर 50 किलोंवर 100 ग्रॅम जास्त. शंभर ग्रॅम म्हणजे किती? नानांच्या बॉक्समधले चार पेढे. विनेश बाद झाली. उपांत्य फेरीत तिच्याकडून हरलेली क्यूबाची गुझमन अंतिम कुस्तीला उभी राहिली आणि रौप्यपदक घेऊन गेली. रौप्य वाटून तरी द्या, म्हणून विनेशने क्रीडा लवादाकडे दाद मागितली, ती 14 ऑगस्टला फेटाळली गेली.

त्या आठवड्यात सगळा देश काट्याला शिव्या देत होता. मी दिल्या नाहीत. रोकड मोजताना दहा रुपये कमी भरले तर आम्ही रात्री नऊपर्यंत बसतो. दहा रुपयांसाठी नव्हे, तर आज दहा सोडले की उद्या शंभर सुटतात म्हणून. आणि काटा ढिला पडला की त्याचा फायदा ज्याची ओळख आहे त्याला होतो, आणि तोटा ज्याची नाही त्याला. तेव्हा काट्याने कडक असावं. पण काटा फक्त एवढंच सांगतो, की उद्या कुणी लढायचं. काल कोण जिंकलं, हे सांगणं काट्याचं काम नव्हे. सुसाकीला हरवलं ते हरवलंच. ते कुठल्याही काट्याला पुसता येत नाही.

इथे मला जरा उजेड पडला. (जत्रेचा नव्हे.) विजय ही घटना आहे आणि पदक ही नोंद आहे. विनेशच्या बाबतीत घटना घडली, नोंद झाली नाही. नानांच्या मुलीच्या बाबतीत नोंद झाली, घटना घडली नाही. आपण दोन्ही ठिकाणी नोंदीवरून भांडत बसतो, कारण नोंदीवर शिक्का असतो.

बरं, घटना का घडली नाही? मुलगी पळाली का? नाही. तिची जोड आली नाही. ती कुठे होती? हा प्रश्न मात्र चहाला बसलेल्यांपैकी कुणीच विचारला नाही. जी आली तिची चौकशी सगळ्यांनी केली. न आलेलीची हजेरी घ्यावी, असं कुणाच्या मनात आलं नाही.

आता 72 किलो वजनाच्या, ताकदीच्या पोरी आमच्या भागात नाहीत, असं म्हणणाऱ्याने एकदा उन्हाळ्यात इकडे यावं. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्या दिवसांत खेड्यापाड्यांतल्या पोरी डोक्यावर दोन हंडे, काखेत एक कळशी घेऊन उन्हातून चालत होत्या. ह्या डावाला आखाड्यात नाव नाही. ढाक आहे, कलाजंग आहे, मोळी आहे. तीन भांड्यांच्या डावाला नाव नाही आणि गुणही नाहीत. नानांच्या मुलीची जोड त्या ओळीत होती. ती बारावीनंतर घरी बसवली गेली असेल, किंवा तिचं लग्न झालं असेल, किंवा "पोरीच्या जातीला कान मोडून घ्यायचं कामून?" असं कुणीतरी म्हणालं असेल. म्हणजे नावेची नोंद झालेली आहे. फक्त ती विद्यापीठाच्या वहीत नाही, आमच्या वहीत आहे. खातेदार मी, चेअरमन, कॅशियरसाहेब, आणि सगळं गाव.

जोड नसलेल्या बाईने काय करावं, ह्याचं एक उत्तर हमीदा बानूने दिलं होतं. उत्तर प्रदेशची ही पैलवान. लढायला बाया मिळेनात, तेव्हा तिने पुरुषांनाच आव्हान दिलं: मला हरवेल त्याच्याशी लग्न करीन. 1954 साली बडोद्याला बाबा पहलवान नावाच्या गड्याला तिने 1 मिनिट 34 सेकंदांत पाडलं. लोक हसले, चिडले, जमले. पण तिच्यासाठी वजनगट काढावा, असं कुणाला सुचलं नाही. ती एकटीच मोठी राहिली. एकट्याच्या मोठेपणाला नवल म्हणतात, परंपरा म्हणत नाहीत.

बायकांची जागतिक अजिंक्यपद कुस्ती सुरू झाली 1987 साली, नॉर्वेत. ऑलिंपिकमध्ये त्यांना जागा मिळाली 2004 ला अथेन्समध्ये, तीही चार वजनगटांची. तिकडे कॅनडात विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धेत मुलींचे गट आले ते गेल्या शतकाच्या अगदी शेवटी. त्यानंतर दहा वर्षांच्या आत, 2008 ला बीजिंगमध्ये, कॅरोल हुइन्ह नावाच्या मुलीने कॅनडाला सुवर्ण मिळवून दिलं. आईबाप व्हिएतनाममधून आलेले निर्वासित, मुलगी एका आडगावात वाढलेली, आणि घडली विद्यापीठाच्या आखाड्यात. म्हणजे जोड आभाळातून पडत नाही. आधी गट काढावा लागतो. तो काही वर्षं रिकामा दिसतो, लोक हसतात, दोनचार पदकं बिनविरोध जातात, आणि मग कधीतरी समोर कुणीतरी उभं राहतं. आपल्याकडे महाराष्ट्र केसरी सुरू झाली 1961 ला, आणि महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी सांगलीला झाली 2023 ला. सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. मधल्या बासष्ट वर्षांचं चक्रवाढ व्याज मी काढून पाहणार होतो, पण राहू दिलं.

कुणी म्हणेल, ह्यात आपण काय करणार? तर खाशाबा जाधवांच्या गोष्टीतले प्राचार्य खर्डेकर आठवा. 1952 च्या हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या या प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, आणि स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं. बँकेचा माणूस म्हणून मी हे प्रकरण पुन्हा पुन्हा वाचतो. कर्जाचा उद्देश: दुसऱ्याच्या पोराची कुस्ती. परतफेडीची साधनं: निरंक. असा अर्ज माझ्या टेबलावर आला तर मी त्रुटी काढून परत पाठवीन, आणि नियमाप्रमाणे तेच बरोबर ठरेल. पण असे अर्ज करणारी माणसं असतात म्हणून फडात जोड उभी राहते, हेही तितकंच बरोबर आहे.

ह्या सगळ्यावर स्वतः मुलीचं म्हणणं काय, हे विचारायला मला आठ दिवस लागले. नानांचा डबा घेऊन ती शाखेत आली होती. म्हणाली, "काका, पदक आईनं देव्हाऱ्यात ठेवलंय. कॅशियरकाका काय म्हणले ते कळलं मला. खरंच म्हणले. मला बी राग आलता, पण त्यांचा नाही. वर्षभर पहाटे चारला उठून पळलेव, अन् मॅटवर समोर कुणीच नाही. अंगाला अंग लागल्याबिगर कळतंय का आपण कुठं हाव?"

पुढे ती त्याच पदकाच्या जोरावर अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला गेली. पहिल्याच कुस्तीत हरियानाच्या मुलीने तिला दहा-शून्याने हरवलं. दहा गुणांचा फरक पडला की कुस्ती तिथेच थांबवतात. सहा मिनिटांची कुस्ती दीड मिनिटात आटोपली. ती परत आली तेव्हा तिला काय सांत्वन करावं, याची मी मनात उजळणी करून ठेवली होती. गरज पडली नाही. एवढी खूश मी तिला पदक मिळालं तेव्हाही पाहिली नव्हती. दहाच्या दहा गुण कसे गेले, ते तिला तोंडपाठ होतं. पट कुठून काढला, आपला पाय कुठे राहिला, मान कधी वर गेली. सांगताना तिने मॅनेजरसाहेबांच्या केबिनसमोर नानांचा एकेरी पट काढून दाखवला. नानांची पाठ थोडक्यात वाचली.

मला तेव्हा गोल्ड कोस्टची कुस्ती आठवली. 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत बीडच्या राहुल आवारेने, म्हणजे बिराजदारमामांच्याच शिष्याने, अंतिम कुस्तीत कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला 15-7 ने हरवलं. आपण पंधरा लक्षात ठेवतो. मी हल्ली सात लक्षात ठेवतो. कॅनडातल्या विद्यापीठाच्या मॅटवर घडलेला तो गडी इथवर आला, झुंजला, सात गुण घेऊन हरला, म्हणून तर त्या पंधरांना भाव. हरणारा नुसता नावेच्या बाजूला पडलेला नसतो. जिंकणाऱ्याच्या पदकात त्याची निम्मी भागीदारी असते. ज्याला जोड मिळत नाही त्याला निम्मंच पदक मिळतं, आणि उरलेलं निम्मं गावाकडे येणं राहतं.

सध्या ही मुलगी संध्याकाळी नववी-दहावीच्या सात मुलींना शिकवते. त्यातली एक चांगली आडव्या हाडाची आहे. दोन वर्षांत ती हिच्या वजनात येईल, असं ही स्वतःच आनंदाने सांगते. मी विचारलं, "अगं, मग ती तुलाच पाडेल की!" तर म्हणाली, "पाडू द्या की काका. त्याच्यासाठीच तर चाललंय."

मुलींना सरावाला जुनी मॅट घ्यायची आहे. वर्गणी चालू आहे. चेअरमनांनी आश्वासन दिलं आहे, मॅनेजरसाहेबांनी वर विचारून सांगतो म्हटलं आहे. आमच्या कॅशियरसाहेबांनी मात्र कुणी न मागता एक हजार रुपये काढून दिले, दोनदा मोजून. आणि पावती मागितली.